शहाणपणाने जुगार खेळता येतो काय?

मे महिन्याची आणि दिवाळीची सुटी या दोन हंगामांत आपल्या सभासद कुटुंबांपैकी पुष्कळ कुटुंबे कुलदेवतेच्या दर्शनास गोव्यात जातात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी येथील अग्रशाळांत दोन-तीन रात्री मुक्काम, अभिषेक, महाप्रसाद आणि उरलेले दिवस समुद्रकाठी, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. अलीकडे या क्रमात आणखी एका रात्रीची भर पडली आहे. पणजीस मांडवीच्या पात्रात नांगरून ठेवलेल्या ज्या जहाजांवर दिवेलागणीबरोबर रंगीत आरास उजळते, त्या कॅसिनोंत जाऊन येण्याची ही रात्र होय. पूर्वी जाणारे जात आणि परत आल्यावर त्याविषयी बोलत नसत. आता सभामंडपातदेखील उघड बोलतात, आणि आम्हांस वाटते की हे बरेच झाले. कारण जे उघड बोलले जाते त्याचा विचार करता येतो.

या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आम्ही काही जुगारी नव्हे. घरून निघतानाच पाच हजार रुपये वेगळे काढून ठेवतो. ते गेले तर गेले. नाटकाच्या तिकिटाचे पैसे तरी परत कोठे मिळतात? शिवाय येथे जेवणखाण आणि करमणूक प्रवेशमूल्यातच येते, खेळण्यासाठी थोड्या चिप्सही मिळतात, म्हणजे त्या रात्रीचा बाहेरचा खर्च वाचतोच. सोमवार ते गुरुवार गेले तर दर कमी पडतो. चार पैसे मर्यादेत उडविले आणि मजा केली, तर त्यात अधर्म तो कोणता?

या युक्तिवादाला ‘जुगार तो जुगारच’ एवढे म्हणून वाटेस लावता येईल. जुन्या पिढीतील वडील मंडळी असेच करीत. परंतु तेवढ्याने प्रश्न सुटत नाही, आणि खरे सांगावयाचे तर आपली परंपराही या बाबतीत एका सुरात बोलत नाही. मनुस्मृतीने निर्जीव वस्तूंवरील द्यूत आणि प्राण्यांवर पैज लावून होणारा समाह्वय हे दोन्ही राजाने आपल्या राज्यातून घालवून द्यावेत असे सांगितले. कौटिल्याने मात्र द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एकाच ठिकाणी चालावा असे ठरविले आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच सरकारजमा करण्याची व्यवस्था लावली. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, आणि शिवपार्वती सारीपाट खेळत बसल्याची शिल्पे वेरूळच्या लेण्यांत आपण सर्वांनी पाहिली आहेत. तेव्हा फासा हातात धरला की माणूस पतित झाला, असे म्हणावयास आम्ही तयार नाही.

आजची सरकारेही अशीच दोन मनांची आहेत. गोव्यातील जुगारबंदीचा कायदा १९७६ सालचा. त्याच कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांसाठी आणि १९९६ साली जहाजांवरील टेबलांच्या खेळांसाठी वाट करून देण्यात आली. शेजारच्या महाराष्ट्राने कॅसिनोंविषयीचा कायदा केला तोही १९७६ सालीच, परंतु तो कधी अमलातच आणला नाही आणि शेवटी २०२३ साली रद्द केला. कायद्याने परवानगी दिली म्हणून एखादी गोष्ट योग्य ठरत नाही, आणि नाकारली म्हणून ती आपोआप पापही होत नाही. म्हणून विचार आपला आपणच केला पाहिजे.

प्रथम हिशेब पाहू. शहाणपणाचा दावा करणाऱ्याने निदान हिशेबाला भिऊ नये. रूलेटचे चाक घ्या. युरोपीय पद्धतीच्या चाकावर ० ते ३६ असे ३७ खण असतात. एका आकड्यावर पैसे लावले आणि तो आला, तर मूळ रक्कम परत मिळून वर तिच्या ३५ पट मिळतात. खण ३७ असल्यामुळे न्यायाने ३६ पट मिळावयास हवेत. ही जी एका पटीची तफावत आहे, तीच मालकाची उपजीविका. लाल किंवा काळा, सम किंवा विषम असा सरळ डाव लावला तरी जिंकण्याची शक्यता ३७ पैकी १८, कारण शून्य कोणाच्याच बाजूचे नसते. दोन्ही प्रकारांत मालकाचा वाटा शेकडा २.७० पडतो. ज्या चाकावर दोन शून्ये असतात त्यावर तो ५.२६ होतो. बॅकराच्या खेळात ‘बँकर’च्या बाजूने लावले तर तो एक टक्क्याच्या किंचित वर असतो, परंतु त्याच टेबलावर बरोबरीचा डाव लावला, आणि त्यास नेहमीप्रमाणे आठास एक असे मिळत असले, तर तो चौदा टक्क्यांच्याही वर जातो. म्हणजे येथे फसवणुकीची गरजच नाही. चाक निर्दोष असले, पत्ते नीट पिसलेले असले, तरी दुकान चालतेच; किंबहुना निर्दोष असले तरच ते दीर्घकाळ चालते.

आता कोणी म्हणेल, शंभर रुपयांत पावणेतीन रुपये ही तर क्षुल्लक दलाली झाली. येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. मालकाचा वाटा खिशातून आणलेल्या रकमेवर मोजावयाचा नसून टेबलावर फिरलेल्या एकूण रकमेवर मोजावयाचा असतो. समजा, एका गृहस्थाने दर फेरीस २०० रुपये लाल-काळ्यावर लावले आणि तासाला ४० फेऱ्या झाल्या. तीन तासांत १२० फेऱ्या, म्हणजे २४,००० रुपयांची उलाढाल. आणलेले पाच हजारच, पण तेच पैसे पुढेमागे होत चोवीस हजारांचे काम करून गेले. यावर सरासरी तोटा सुमारे ६५० रुपये. डाव ५०० रुपयांचा केला की हाच तोटा १,६०० रुपयांच्या वर जातो. ही झाली सरासरी. एखाद्या रात्री २०० रुपयांच्या डावाने खेळणारासुद्धा दोन हजार रुपयांनी वर किंवा खाली सहज असू शकतो. वर असलेल्या रात्रीच माणसाच्या स्मरणात राहतात आणि घरी सांगितल्या जातात. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने आयकर द्यावा लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. चिप्सच्या खरेदीवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर बसला, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. हा कर मालक स्वतः भरो की गिऱ्हाइकाकडून घेवो, अखेर तो खेळणाऱ्यांच्याच पैशातून निघतो. प्रवेशाबरोबर मिळणाऱ्या चिप्स तर बहुधा एकदाच लावता येतात. त्या परत देऊन रोख मागता येत नाही.

युक्त्यांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण त्या सांगणारे आपल्यातही आहेत. हरलो की पुढचा डाव दुप्पट करावयाचा, म्हणजे केव्हा तरी जिंकून सर्व भरून निघते, ही त्यांतील सर्वांत जुनी. १०० रुपयांपासून आरंभ केला आणि लागोपाठ सात वेळा हार आली, तर १२,७०० रुपये गेलेले असतात आणि आठवा डाव १२,८०० रुपयांचा लावावा लागतो. तोही मिळणार काय, तर पहिले १०० रुपये. अशी सात हारींची मालिका सरासरीने १०६ वेळांतून एकदा येते. उरलेल्या १०५ वेळांचे शंभर-शंभर जमवून झाले १०,५००. बाकीचा हिशेब वाचकांनी करावा. दुसरी समजूत अशी की, काळा फार वेळ आला, आता लाल येणारच. मॉन्टे कार्लो येथे १८ ऑगस्ट १९१३ रोजी काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला, आणि ‘आता लाल येणारच’ म्हणून जे डाव वाढवीत गेले ते त्या रात्री बुडाले. चाकाला मागची फेरी आठवत नाही. आठवण ठेवतो तो माणूस, आणि ठेवतो तीही सोयीची.

हे सर्व जाणूनही एखादा म्हणेल, ‘मान्य; ६५० रुपये ही माझ्या तीन तासांच्या मजेची किंमत.’ अशा माणसाशी आमचे हिशेबापुरते भांडण उरत नाही. परंतु नाटकाच्या तिकिटाचा दाखला मात्र आम्हांस पटत नाही. नाटकाचे तिकीट खिडकीवर, शुद्धीत असताना, एकदाच घेतले जाते. दुसऱ्या अंकात रंग भरला म्हणून कोणी उठून आणखी तीन तिकिटे घेत नाही. जुगारात मात्र किंमत ठरविण्याचा प्रसंग दर मिनिटाला येतो, आणि तो नेमका अशा अवस्थेत येतो जेव्हा ठरविणारा आपल्या ताब्यात सर्वांत कमी असतो. पैशांचे रूप चिप्समध्ये पालटलेले असते, त्यामुळे पाचशेची नोट देताना जो हात आखडतो तो चकती सरकवताना आखडत नाही. बहुतेक ठिकाणी मद्यही प्रवेशमूल्यातच धरलेले असते, आणि ते औदार्याने धरलेले नसते हे सांगावयास नको.

म्हणून खरा प्रश्न असा आहे की घरून पाच हजारांची मर्यादा घालून निघालेला माणूस आणि रात्री एक वाजता टेबलाशी बसलेला माणूस, हे दोघे एकच आहेत काय? आणि दोघांचे मत भिन्न पडले तर कोणाचे खरे मानावे? धर्मराज युधिष्ठिराहून अधिक विवेकी पुरुष आपल्या वाङ्मयात शोधून सापडणार नाही. द्यूताचे अनर्थ त्याला ठाऊक होते. तरीही धन, राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी असा तो पायरी पायरीने उतरत गेला. एवढे होऊन, धृतराष्ट्राने सर्व परत दिल्यावर, वाटेतून बोलावणे आले तेव्हा तो पुन्हा परतला आणि पुन्हा खेळला. पहिल्या खेळापेक्षा या दुसऱ्या खेळाने आम्हांस नेहमी अधिक विचारात पाडले आहे. पहिल्यात अनुभव नव्हता असे म्हणता येईल; दुसऱ्यात तर होता. अनुभवाने माणूस शहाणा होतो हा नियम फाशांच्या बाबतीत लागू पडत नाही, असेच व्यासांस सांगावयाचे असावे.

याउलट नलाच्या कथेत मर्यादा दोनदा दिसते. नल पुष्कराशी खेळताना हरत चालला, मंत्र्यांचे ऐकेना, तेव्हा दमयंतीने वार्ष्णेय सारथ्यास बोलावून दोन्ही मुलांना कुंडिनपुरास आपल्या माहेरी पाठवून दिले. नवऱ्याला आवरणे हाती नव्हते. पणाच्या बाहेर जे काढता येईल ते तिने वेळीच काढले. पुढे पुष्कराने ‘आता दमयंतीला पणास लाव’ असे म्हटले, तेव्हा नल काही न बोलता अंगावरचे अलंकार उतरवून एका वस्त्रानिशी निघून गेला. सर्वस्व गेले तरी थांबण्याचा एक क्षण त्याला सापडला. युधिष्ठिराला तो सापडला नाही. या दोघांत शीलाचा फरक होता असे आम्हांस वाटत नाही, आणि म्हणूनच ‘मी काही तसा नव्हे’ हे वाक्य फारसे उपयोगाचे नाही.

उपयोगाची आहे ती दमयंतीची रीत. ज्यांस जावयाचेच आहे त्यांनी मर्यादा मनात न ठेवता हातात ठेवावी. ठरलेली रक्कम रोख घ्यावी. बँकेचे कार्ड मुक्कामावर राहू द्यावे. मोबाईलवरून पैसे पाठविण्याची सोय घरच्या माणसाच्या हाती द्यावी. परतण्याची वेळ आधी सांगून ठेवावी. जिंकलेले पैसे दुसऱ्या खिशात जावेत आणि तेथून बाहेर येऊ नयेत. मित्राकडून उसने घेऊ नयेत, आणि मित्र असल्यास देऊ नयेत. आपल्याकडे संकल्प मनातल्या मनात करीत नाहीत. देश, काल, गोत्र, नाव उच्चारून आणि उदक सोडून, साक्षीने करतात. पूर्वजांस मनाची चंचलता ठाऊक होती, म्हणूनच त्यांनी ही रीत घालून दिली असेल.

आता पैसे वाचविण्याचा मुद्दा. सहलीत काटकसर करणे यात कमीपणा मुळीच नाही. भाड्याच्या मोटारीऐवजी कदंबच्या बसने जाणे, हॉटेलाऐवजी अग्रशाळेत उतरणे, डबा बरोबर घेणे, गर्दीच्या आठवड्याऐवजी आडदिवस पाहणे, हे सर्व चांगले. पण या काटकसरीचा भार कोणी उचलला, हेही पाहिले पाहिजे. बसमध्ये उभी राहिली ती मुले. डबा पहाटे उठून केला तो गृहिणीने. खोलीत पंख्याखाली दाटीने झोपले ते वृद्ध आईवडील. अशा रीतीने चौघांनी मिळून वाचविलेले पाच हजार एकाने एका रात्रीत लावावयाचे, आणि त्याला ‘माझे वेगळे काढलेले पैसे’ म्हणावयाचे, हे कितपत योग्य? द्रौपदीने सभेत प्रश्न विचारला तो फाशांच्या सचोटीविषयी नव्हता. जो स्वतःस हरला त्याला मला पणास लावण्याचा अधिकार होता काय, असा तो अधिकाराचा प्रश्न होता, आणि भीष्मांसारख्यांनाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. आमच्या घरांतील प्रश्न लहान आहे, पण जात तीच आहे. पैसे कोणाचे, आणि त्याला विचारले होते काय? घरातील सर्वांनी हसतमुखाने ‘जा, खेळून या’ म्हटले असेल, तर आमचा पुष्कळसा आक्षेप तेथेच गळून पडतो. पुष्कळसा, सर्व नव्हे.

जो उरतो तो असा. मर्यादेने खेळणाऱ्या शहाण्या माणसाला ती रात्र स्वस्त पडते हे खरे आहे. पंचपक्वान्ने, गाणेबजावणे, नदीवरचा वारा, आणि तोटा सहा-सातशे रुपये. मग मालकास हे परवडते कसे? जहाज, नोकरवर्ग, परवान्याचे शुल्क, कर, हे सर्व या शहाण्या मंडळींच्या सहाशे रुपयांवर चालत नाही. ते चालते, ज्यांस थांबता आले नाही त्यांच्या पैशावर. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०१० साली दिलेल्या अहवालात असा अंदाज केला आहे की, तेथील जुगारयंत्रांवर खर्च होणाऱ्या पैशापैकी सुमारे ४० टक्के पैसा, ज्यांचा जुगार हाताबाहेर गेला आहे अशा थोड्या लोकांकडून येतो. इकडचा आकडा वेगळा असू शकेल, पण या धंद्याची घडण तीच आहे. म्हणजे शहाण्याच्या ताटातील पदार्थाचे पैसे शेजारच्या टेबलावरील वेड्याने भरलेले असतात. तो कदाचित आपल्याच गावचा असेल. दुकान गहाण ठेवून आलेला असेल. आपण त्याला ढकलले नाही, हे खरे. तथापि त्याच्या बुडण्यातून आपली रात्र स्वस्त झाली, आणि ती स्वस्त झाली म्हणून आपण तिला काटकसर म्हटले. येथे आम्हांस अडखळल्यासारखे होते. मर्यादा पाळून माणूस स्वतःचा बचाव करू शकतो. या हिशेबातून मात्र त्याला अंग काढून घेता येत नाही.

आणखी एक विसंगती सांगितल्याखेरीज राहवत नाही. गोवा सरकारने फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांस या कॅसिनोंत खेळण्यास बंदी केली. मोनॅकोतही स्वतःच्या नागरिकांस खेळण्याची मनाई आहे, आणि सिंगापुरात परदेशी मनुष्यास प्रवेश मोफत, तर तेथील रहिवाशास दिवसाला १०० डॉलर, २०१९ पासून १५०, भरावे लागतात. आपल्या मुलाबाळांना यापासून दूर ठेवावे असे ज्या सरकारांस वाटते, तीच सरकारे पाहुण्यांसाठी दार उघडे ठेवतात. अतिथीला देव मानणाऱ्या भूमीत, जे घरच्या पोराच्या ताटात वाढणार नाही ते अतिथीच्या ताटात वाढावे, हा आतिथ्याचा कोणता प्रकार? यावर मिळणारे उत्तर आम्हांस माहीत आहे. हजारो कुटुंबांची पोटे यावर आहेत, सरकारी तिजोरीत महसूल येतो, आणि आमच्या ओळखीची दोन मुले अशा जहाजावर प्रामाणिकपणे नोकरी करीत आहेत. त्या मुलांस आम्ही दोष देणार नाही. पण जो माल आपण स्वतः वापरीत नाही तो विकताना दुकानदाराने थोडे अवघडावे, एवढी अपेक्षा तरी गैर नाही.

शेवटी एका चौकशीविषयी. काही सभासदांनी विचारले आहे की, ‘जिंकलो तर निम्मे देवाला’ असा नवस बोलून गेले, तर ती रक्कम देवस्थानाने घ्यावी काय? दानपेटीत पडणाऱ्या नोटेस कोणी तिचे गोत्र विचारीत नाही, तेव्हा न घेण्याचा प्रश्न व्यवहारात येत नाही. मात्र असा नवस बोलणाऱ्याने देवाला डावात भागीदार करून घेतलेले असते, आणि तेही केवळ नफ्यातला. तोटा झाल्यावर निम्मा तोटा मागावयास कोणी गाभाऱ्यात आल्याचे ऐकिवात नाही. तशी पावती फाडून देण्याची वेळ कार्यालयावर येऊ नये, एवढीच आमची विनंती.